ऐंशी किलोमीटरची माया

एप्रिल लागला की पेणच्या नाक्यावर फलक झळकतो : 'पुणे येथे निवासी व्यक्तिमत्त्व विकास शिबिर. वक्तृत्व, सभाधीटपणा, नेतृत्वगुण.' त्याच सुमारास पुण्यात कोथरूडला फलक लागतो : 'कोलाड-रोहा परिसरात निसर्ग व साहस शिबिर. नदी, माती, शांतता.' म्हणजे आपल्या पोराने पुण्याला जाऊन बोलायला शिकावं असं पेणच्या आईबापांना वाटतं, आणि आपल्या पोराने कोकणात जाऊन घटकाभर गप्प बसावं असं पुण्याच्या. मे महिन्यात या दोन बसगाड्या ताम्हिणी घाटात एकमेकींना बाजू देतात. दोन्हींच्या खिडक्यांतून पोरं ओकत असतात. दोन्ही शिबिरांत सारखा असा तेवढाच एक अनुभव.

मी पेणचा. आमच्या आसपास भरणाऱ्या शिबिरांत एखादी संध्याकाळ गोष्टी सांगायला मला बोलावतात. मानधन म्हणून नारळ आणि गुलाबाचं रोप देतात. नारळ चटणीत जातो, रोप पावसाळ्यात जातं. पण या निमित्ताने शिबिर आतून बघायला मिळतं, आणि मुख्य म्हणजे पालक बघायला मिळतात. त्या बघण्यातून सुचलेल्या चार गोष्टी इथे सांगतो. माहितीपत्रकात त्या छापत नाहीत, कारण छापल्या तर पैसे कोण भरणार?

पैसे भरताना पालक सगळं विचारतात. जेवणात गोड काय, खोलीत पंखा आहे का, गादी कापसाची की फोमची, प्रमाणपत्रावर फोटो असतो का. आपण नेमकं काय विकत घेतोय, एवढं मात्र कोणी विचारत नाही. आपण विकत घेतो ते अंतर. घरापासूनचं अंतर. नदी, डोंगर, शेकोटी हे सगळं त्यावर मिळणारं. बेडन-पॉवेल यांनी 1907 साली स्काउटचं पहिलं शिबिर भरवलं ते इंग्लंडच्या ब्राउन्सी बेटावर. लोक म्हणतात निसर्गासाठी. माझं मत निराळं आहे. बेटाला चारी बाजूंनी पाणी असतं आणि डबा घेऊन आईला पोहत येता येत नाही. हिमालयातली शिबिरं यशस्वी होतात तीही याच कारणाने. मनालीला जाऊन 'जरा स्वेटर देऊन येते' असं कोणाला म्हणता येत नाही.

पेण-रोह्याचं दुखणं नेमकं इथे आहे. मुंबईहून पेण 80 किलोमीटर, रोहा 120 च्या आसपास. दिव्याहून थेट रोह्याला मेमू येते. पुणेकर ताम्हिणी उतरले की कोलाड हाकेवर. शिबिरासाठी याच्याइतकं वाईट अंतर नाही. पोराला वाटतं आपण फार लांब आलो, आणि आईला वाटतं जवळच तर आहे. मध्य रेल्वे रोह्याला संपते, तिथून पुढे कोकण रेल्वे सुरू होते. पालकांची माया मात्र रोह्याला संपत नाही, ती स्टेशनबाहेर येऊन रिक्षा करते.

यावर सरकारने एक उपाय करून ठेवला आहे, तो म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग. पनवेल ते इंदापूर या टप्प्याच्या चौपदरीकरणाचं काम 2011 साली सुरू झालं. शिबिरातली बहुतेक पोरं त्यानंतर जन्मली. त्यांचे दुधाचे दात पडले, नवे आले, काहींना तारा बसवून झाल्या, तरी या रस्त्याचा विषय निघाला की माणसं अजून सुस्कारा सोडतात. वडखळला सुट्टीच्या दिवशी गाड्या तुंबल्या म्हणजे आईची माया कमी होत नाही, पण डब्यातला आमरस फसफसतो. महामार्ग खरोखर गुळगुळीत झाला की या भागातली शिबिरं बंद पडतील, असं माझं भाकीत आहे.

निरोपाच्या वेळी बसच्या खिडकीशी उभं राहून आईबाप जे बोलतात, त्यातलं एक वाक्य घातक असतं : 'नाही आवडलं तर फोन कर हं, लगेच न्यायला येऊ.' हिमालयाला निघालेल्या पोराला असं कोणी सांगत नाही, कारण ते खोटं आहे हे पोरालाही कळतं. पेणच्या बाबतीत ते खरं असतं, म्हणून जास्त वाईट. त्या क्षणापासून पोर शिबिरात नसतंच. ते प्रतीक्षालयात असतं. पहिल्या रात्री नऊच्या सुमारास एक जण मुसमुसतो, दुसरी त्याला साथ देते, आणि दहाला सगळी गाढ झोपतात. हे असंच असतं, असंच असावं. त्या एका तासात कोणी घरी फोन लावून दिला, तर जे रडत नव्हतं तेही रडतं, आणि तिकडे वडील पायात बूट घालत असतात. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पोरांना रडायला वेळ मिळत नाही. रडायचं राहून गेलं हे त्यांच्या शनिवारी लक्षात येतं.

सामानाची यादी एका पानाची असते : ताट, वाटी, पेला, चादर, टोपी, बॅटरी, सुती कपडे. यादीत नसलेल्या वस्तूंना मात्र वेगळी बॅग लागते. एका आईने रोजचे कपडे वेगवेगळ्या पिशव्यांत घालून वर स्केचपेनने लिहिलं होतं : 'सोम सकाळ', 'सोम संध्याकाळ', 'मंगळ सकाळ'. चिरंजीवांनी 'सोम सकाळ' अंगात चढवली ती शनिवारी उतरवली. बाकी पिशव्या इस्त्रीची घडी न मोडता घरी परतल्या. पोर किती टापटीप झालं म्हणून आईने शिबिराला पाच तारे दिले.

कोकणातला मे म्हणजे नुसतं ऊन नव्हे, घाम. आमच्या पाऱ्याचा आकडा ऐकून नागपूरचा माणूस हसेल. पण त्याला एकदा दुपारी दोनला पेणच्या स्टँडवर उभं करावं. तो हसायला तोंड उघडेल आणि त्याचा चष्मा घसरून तोंडात जाईल. तेव्हा जीन्स नको. भिजलेली जीन्स पुढच्या वर्षीच्या शिबिरापर्यंत वाळते. शिबिर मेच्या अखेरीला असेल तर रेनकोट द्या. 2025 साली पाऊस 26 मेलाच मुंबईत हजर झाला होता, शाळेचं दप्तर कोणी विकत घेण्याच्या आत.

एक गोष्ट थट्टेची नाही. या जिल्ह्यात लाल विंचू आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्याच्या दंशावर प्राझोसिनचा उपाय शोधला आणि 'लॅन्सेट'मधून जगाला सांगितला. त्याआधी या दंशाने माणसं सर्रास जात. म्हणून गादी कापसाची की फोमची हे विचारण्याऐवजी तीन प्रश्न विचारा. जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर? रात्री गाडी आणि चालक शिबिराच्या जागेवर असतात का? आणि मुलांना बूट झटकून घालायला कोणी शिकवतं का? पोराला ही एकच सवय लागली तरी पैसे वसूल. त्याची कसली तरी ॲलर्जी असेल तर तीही अर्जात स्पष्ट लिहा. 'तसा तो फार हळवा आहे' हे वैद्यकीय माहितीच्या रकान्यात लिहून डॉक्टरला काही उपयोग नसतो.

आता कुंडलिका. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर तीच असते : निळी होडी, पांढरा फेस, किंचाळणारी पोरं. मे महिन्यात कोकणातल्या नद्यांत गोटे असतात, पाणी नसतं. मग कोलाडजवळ राफ्टिंगला पाणी येतं कुठून? पुणे जिल्ह्यातल्या मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली भिऱ्याला उतरतं, तिथल्या टाटांच्या वीजघरात त्याची वीज होते, आणि कामावरून सुटलेलं ते पाणी कुंडलिकेला मिळतं. म्हणजे कोथरूडचे पालक ज्या पाण्यासाठी पोराला घाट उतरून पाठवतात, ते पाणी पोराच्या आधीच पुणे जिल्ह्यातून निघून इथे येऊन बसलेलं असतं.

तर या नदीला शिफ्ट आहे. पाणी सकाळी सुटतं, म्हणून राफ्टिंग सकाळी. एका वडिलांनी विचारलं, "संध्याकाळी चारला ठेवता येईल का? आम्ही पण पोचतो तोवर." शिबिराचा दादा म्हणाला, "काका, तोवर नदी घरी गेलेली असते." यातली गंमत सोडून उरतो तो मुद्दा महत्त्वाचा. सकाळी गुडघाभर दिसणारं पात्र पाणी सुटलं की बघता बघता चढतं. तेव्हा शिबिराच्या लोकांना पाणी सुटण्याची वेळ पाठ आहे का, लाइफ जॅकेट पोराच्या मापाचं आहे की काकांच्या, आणि राफ्टिंगला वयाची अट किती, हे आधी विचारून घ्या. 'आमचा वयाच्या मानाने उंच आहे' हे उत्तर नदीला चालत नाही.

जेवणाविषयी एकच सावधगिरी. रायगडची खरी मेजवानी पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी नाहीतर कोंबडी, बाहेरून जाळ, आत ना तेल ना पाणी. पण वालाच्या शेंगा थंडीत येतात. मेमधल्या शिबिराच्या पत्रकात 'पारंपरिक पोपटी' असेल तर शिबिरचालक एकतर बाहेरचा आहे किंवा फार पोचलेला. मेमध्ये मिळतात ते आंबे, फणस, करवंदं, ताडगोळे, अलिबागचा पांढरा कांदा आणि आमच्या पेणचे पोह्याचे पापड. एवढ्यावर राज्य चालतं.

घरी दुधीभोपळ्याला नाक मुरडणारं पोर इथे तिसऱ्या दिवशी दुधीची भाजी दोनदा मागून घेतं. कोणीतरी आगाऊपणे हे आईला कळवतं. मग आईचा स्वयंपाकघरात फोन : "मावशी, भाजीला नक्की काय घालता?" मावशी पळी हातात धरून सांगतात, "ताई, वेगला मसाला काय नाय. सकाली पोराला अवचितगड चढवून आनलाय." ही पाककृती घरी करून बघणाऱ्या आईचं नाव अजून माझ्या कानावर आलेलं नाही.

पेणला शिबिर म्हटलं की गणपती आलेच. हमरापूर-जोह्याकडे मे महिन्यात घराघरांत मूर्ती उभ्या असतात. परदेशी जायच्या तर तेव्हा खोक्यांत भरल्या जात असतात. मुलांना एखाद्या कारखान्यात नेतात. आत पोरांचा बाजार, आणि मधोमध पाटावर बसून एक कारागीर डोळ्यांची आखणी करत असतो. आखणी हे इथलं सगळ्यात मानाचं काम. कुंचल्याला चार केस, हाताखाली दुसरा हात टेकलेला, श्वास रोखलेला. एक रेघ वर, एक खाली, मग बुबुळ. साठ पोरं आपोआप गप्प झालेली मी तिथे पाहिली आहेत. कोथरूडच्या पालकांना हवी होती ती शांतता हीच. ती मिनिटभर टिकली, मग एकाने विचारलं, "काका, तुम्ही दिवसाला किती काढता?" काका नजर न उचलता म्हणाले, "तू बोलला नाय तर जास्त."

मग प्रत्येकाला शाडूचा गोळा मिळतो आणि प्रत्येकाचा गणपती तयार होतो. बहुतेकांची सोंड ओली असतानाच गळते. हा गणपती जपून, खोक्यात, मांडीवर घेऊन निघतो आणि वडखळच्या खड्ड्यात त्याचा एक कान जातो. पुढचा प्रश्न मात्र कुठल्याच पत्रकात नसतो : या एककानी मूर्तीचं घरी काय करायचं? ठेवायची तर आजी म्हणते भंगलेली मूर्ती घरात नको. विसर्जन करायचं तर पोर म्हणतं मी केलाय, बुडवायचा नाही. मी सुचवतो की पोराने 'हा गणपती नाही, हत्ती आहे' असं पहिल्यापासूनच जाहीर करावं. सगळ्यांची सोय होते.

आता पालकांचा ग्रुप. त्याचं नाव असतं 'फक्त महत्त्वाचे निरोप'. एका सकाळचा नमुना मला शिबिराच्या ताईने दाखवला.

6.10 : सर, उठले का सगळे?

6.12 : अथर्वला हाक मारून जाग येत नाही. पाठीवर हळू थोपटावे.

6.40 : (योगासनं करणाऱ्या साठ मुलांचा फोटो)

6.41 : आमची मीरा दिसत नाही!!

6.42 : तिसऱ्या रांगेत, पिवळी टोपी.

6.42 : ती आमची अन्वी आहे.

6.44 : उजवीकडच्या खांबाला वायर लोंबतेय. आयोजकांनी नोंद घ्यावी.

6.45 : ती कपडे वाळत घालायची दोरी आहे.

6.46 : मग त्यावर कपडे का नाहीत?

ताई इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. साठ पोरांचा तिला काहीच त्रास नाही. त्रास आहे तो एकशे वीस पालकांचा. यात एक साधा हिशोब आहे. तुम्ही जितके फोटो मागता, तितका वेळ तिची नजर पोरांवरून उठून मोबाइलवर जाते. नदीकाठी हा सौदा महाग पडू शकतो. शहाण्या शिबिरांत संध्याकाळी एकदाच निरोप येतो : सर्व ठीक, सर्व जेवले. एवढं वाचून ज्याचं भागत नाही, त्याने आपलं पोर नव्हे, आपला मोबाइल आठवडाभर शिबिराला पाठवावा.

गोष्टींच्या संध्याकाळी मी पोरांना हमखास विनोबांची गोष्ट सांगतो, कारण ते आमच्याच पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, 1895 सालचे. 1916 साली विनायक भावे बडोद्याहून इंटरच्या परीक्षेला म्हणून मुंबईला निघाले, सुरतेला उतरले आणि काशीच्या गाडीत बसले. परीक्षा तिकडे, परीक्षार्थी इकडे. आज असतं तर सुरतेलाच फोन आला असता : "विन्या, लोकेशन सुरतेवर का थांबलंय? काही खाल्लंस का?" आणि भुसावळला काका फलाटावर उभे. पोरगा इंटर झाला असता, कुठेतरी चिकटला असता, आणि भूदानातली एकूण एक जमीन जिथल्या तिथे राहिली असती. पोरं या गोष्टीला टाळ्या वाजवतात. मागे बसलेले भेटीला आलेले पालक वाजवत नाहीत.

कारण भेटीचा दिवस असतोच. पत्रकात तो 'ऐच्छिक' म्हटलेला असतो, आणि अकराच्या आत आवारात गाड्या लावायला जागा उरत नाही. मागे एका सात आसनी गाडीतून आई, वडील, आजी, आत्या, दोन डबे, एक थर्मास आणि टेबल फॅन एवढे उतरले. लेक समोरून आली. नडग्यांना माती, गालावर रंग, गळ्यात शिट्टी. आईने हात पसरले. लेक जागच्या जागी उड्या मारत म्हणाली, "आई, पाच मिनिटं थांब, आमची खो-खोची फायनल आहे." आणि गेली. आईचे हात तसेच राहिले. मग तिने त्याच हातांनी टेबल फॅन उचलला. आत्याने डबा उघडून स्वतःच बेसनाचा लाडू खाल्ला. आजी स्वयंपाकघरात शिरल्या, आमटी चाखली आणि आतूनच हाक दिली, "चिंच कुठे ठेवलीय?" संध्याकाळी जायच्या वेळी त्या गाडीत बसायला तयार होईनात. वडील आंब्याखाली चटई टाकून साडेचारपर्यंत घोरले. आठवड्याभराच्या त्या शिबिराचा पुरेपूर लाभ झालेला मनुष्य मला तोच दिसला.

मूल परत येतं तेव्हाची तयारीही सांगून ठेवतो. पहिला दिवस ते झोपतं. दुसऱ्या दिवशी स्वतःचं ताट स्वतः घासतं, आणि घरचे सगळे सिंकपाशी जमून ते बघतात, कोणी व्हिडिओ काढतं. तिसऱ्या दिवशी ते ताट सिंकमध्ये तसंच ठेवून जातं. यात निराश होण्यासारखं काही नाही. व्यक्तिमत्त्व विकासाचा जोर साधारण तीन दिवस टिकतो. शिवरायांच्या जिल्ह्यात राहूनही तो चौथ्या दिवसापर्यंत ओढता येत नाही. पण बूट ते झटकून घालतं. आणि आपल्याला ठाऊक नसलेल्या कोणा पोरांची नावं घेऊन, आपल्याला न कळणाऱ्या विनोदावर एकटंच हसतं. 'काय झालं?' असं विचारलं तर 'तुला नाही कळणार' म्हणतं. पैसे भरले होते ते याच्यासाठीच. घरच्यांना न कळणारं असं काहीतरी आता त्याच्याकडे आहे, आणि ते त्याने आपल्यावाचून मिळवलंय.

तेव्हा पेण-रोह्याच्या शिबिराला मूल जरूर पाठवा. डोंगर आमचा, पाणी पुण्याचं, पापड घरचे, कशाचीच कमी नाही. कमी पडतं ते अंतर, आणि ते तुम्हालाच घरून आणावं लागतं. त्यासाठी मूल बसमध्ये बसल्याबरोबर गाडीची किल्ली दुसऱ्या कोणाकडे तरी ठेवायला द्या. फक्त शेजाऱ्यांकडे देऊ नका. त्यांचंही पोर त्याच शिबिरात आहे.